बेड्यातून आत जाईल अशी पिकअप

आंब्याच्या बागेसाठी पिकअप घ्यायची होती. गाड्या बघायला जाण्याआधी आम्ही एक बांबू कापला, बरोबर १८६ सेंटीमीटरचा. दोघांनी तो आडवा धरायचा आणि डांबरी सोडल्यापासून बागेतल्या पंपघरापर्यंत चालत जायचं. जिथे टोक गडग्याला, म्हणजे वाटेकडेच्या दगडी कुंपणाला, लागेल तिथे खडूची रेघ. १८६ ही इसुझू व्ही-क्रॉसची रुंदी. टोयोटा हायलक्स तिच्यापेक्षा जेमतेम अर्धा सेंटीमीटर अरुंद, म्हणजे सारखीच. आरसे यात धरलेले नाहीत. दुसरी काठी १६७ सेंटीमीटरची, बोलेरो कॅम्परच्या रुंदीची.

वाट दीड किलोमीटरची, राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत असते तशी. सुरुवातीला दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये काटकोनातलं एक वळण, मग बेडं, म्हणजे आवाराचं फाटक. पुढे पऱ्या, म्हणजे ओढा, पऱ्यानंतर तांबड्या मातीचा चढ आणि वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, तिथे आंब्याची कलमं. सरळ वाटेत सगळ्यांत अरुंद जागा २१० सेंटीमीटरची निघाली. १८६ची गाडी तिथून जाते, पण आरसे मिटून आणि दोन्ही बाजूंना वीतभरही जागा न उरता. खरी अडचण वळणावर आहे. गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत जातात. तीन मीटरच्या थोड्या वर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आणि सव्वासहा-साडेसहा मीटरची वळणत्रिज्या धरली, तर पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर मागचं चाक सुमारे ८० सेंटीमीटर आत येतं. पुढच्या बंपरचा कोपरा बाहेर झुकतो तो वेगळा. म्हणजे १८६च्या गाडीला वळताना अडीच मीटरच्या पुढे वाट लागते. आमच्या वळणावर २४० आहे. दोन्ही मोठ्या गाड्या तिथेच कटल्या. कॅम्परसुद्धा एका दमात वळत नाही, एकदा मागे घ्यावी लागते, पण गडग्याचा चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, न काढता निघते. गडगा सामाईक असेल तर चिरा काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, हे कोकणात सांगायला नको.

एवढं मोजायला एक सकाळ गेली. शोरूममध्ये आधी गेलो असतो तर बोलणं हॉर्सपॉवरपासून सुरू झालं असतं.

मग वजन. हापूसचा प्लास्टिकचा क्रेट फळांसकट २२ किलोच्या आसपास धरावा. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो आणि चाकांच्या कमानींमध्ये सव्वा मीटरपेक्षा कमी जागा राहते. ६० बाय ४०चे क्रेट खालच्या थरात पाच ते सहा बसतात. चार थर लावले तर वीस-चोवीस क्रेट, म्हणजे ४४० ते ५३० किलो. चौथा थर टपाच्या वर गेला की कलमांच्या खालच्या फांद्या वरचे क्रेट ओरबाडतात, त्यामुळे पाचव्याचा विचार करू नये. सिंगल कॅबचा हौदा बराच मोठा मिळतो, पण तोडणीची माणसं चढावर क्रेटांच्या ढिगावर बसून नेणं हे धोक्याचं आणि बेकायदाही. म्हणून डबल कॅब.

इथे एक गोष्ट कागदावर तपासली. खासगी वापरासाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या देखण्या पिकअपची मंजूर भारक्षमता त्यांच्या दिसण्यावरून वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. एकूण मंजूर वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. मग त्यातून पाच माणसांचे साडेतीनशे किलोही वजा करायचे. उरेल तो आंबा. बोलेरो कॅम्परसारखी मालवाहू वर्गातली गाडी एक टनाच्या आसपास उचलते. दिसायला साधी, पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जाड, रिकामी असताना उसळते. पण काम तेच आहे.

फोर बाय फोर लागेल की नाही, यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. कोकणात हजारो टू-व्हील, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद असलेल्या, पिकअप चालतात, आणि वाट खडीची किंवा काँक्रीटची असेल तर त्याच घ्याव्यात. वर्षातले दहा दिवस चिखल लागत असेल तर ते दहा दिवस गाडी डांबरीवर ठेवून माल डोक्यावर आणणं स्वस्त पडतं. आमचा चढ दहा मीटरला अडीच मीटर चढतो, म्हणजे १४ अंश. तो पाण्याच्या नळीने आणि टेपने मोजला. मोबाइलमधल्या पातळीवर अवलंबून राहायचं असेल तर मोबाइल सरळ फळीवर ठेवावा, दगडावर नाही. मार्चअखेरीला हा चढ टू-व्हील गाडी चढते. पहिला वळीव पडला की रिकामी पिकअप इथेच मागची चाकं फिरवत बसते, कारण इंजिन आणि केबिन पुढे, हौदा रिकामा, आणि ताकद मागच्या हलक्या चाकांना. हौद्यात मागच्या एक्सलच्या किंचित पुढे वाळूची शंभर-दीडशे किलोची पोती टाकली तर निम्मं काम होतं. आमच्या वाटेला ते पुरलं नसतं. जूनच्या आधीची फवारणी, पावसातली खतं, ऑक्टोबरची साफसफाई, सगळं ओल्या मातीतच असतं.

फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना ताकद मिळते एवढंच लोक बघतात. बागेच्या कामात त्याहून महत्त्वाचा असतो फोर-लो, म्हणजे ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीतला) खालचा गिअर. चाकाचा वेग साधारण अडीचपट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढते आणि क्लच पूर्ण सोडलेला राहतो. फोर-लो नसलेल्या किंवा असून न वापरलेल्या गाडीत माणूस अर्ध्या क्लचवर चढतो. बागेतल्या गाड्यांच्या क्लच प्लेटा जळतात त्या ओझ्याने कमी आणि अशा अर्ध्या क्लचने जास्त. उतरतानाही तेच. १४ अंशांच्या ओल्या उतारावर ब्रेक लावला तर चाकं लॉक होऊन गाडी घसरते. फोर-लो पहिल्यात इंजिनच तिला धरून ठेवतं. म्हणून फक्त ऑल-व्हील किंवा फक्त फोर-हाय, म्हणजे खालच्या गिअरशिवायची फोर-व्हील, असलेली गाडी यादीत घेतलीच नाही.

यादीत मग उरलं काय? नव्यात बोलेरो कॅम्पर फोर-व्हील आणि टाटा योद्धाचा फोर बाय फोर. सेकंड हँडमध्ये त्याच दोन, शिवाय टाटा झेनॉन फोर बाय फोर आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे. गेटअवे २००७ साली आली. झेनॉन आणि गेटअवे पाच मीटरच्या पुढच्या गाड्या. इंजिनं तगडी, झेनॉनचं २.२ लिटरचं १४० अश्वशक्तीच्या वर्गातलं, रस्त्यावर आंबा घाट चढताना मजा. पण वळण तेच २४० सेंटीमीटरचं. कॅम्परचं २.५ लिटरचं इंजिन ७५ अश्वशक्तीच्या घरातलं, टॉर्क २०० न्यूटन-मीटर. हायवेवर मागचे हॉर्न वाजवतात. बागेत फोर-लोमध्ये या फरकाचा काडीचाही संबंध येत नाही.

ज्यांची वाट रुंद आहे त्यांनी मात्र हायलक्स बाद करू नये. मागच्या एक्सलला इलेक्ट्रॉनिक लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवण्याची सोय, आहे आणि कंपनी पाण्यातून जाण्याची खोली ७०० मिलिमीटर सांगते. २०२२ साली इथे आल्यापासून तिच्यावर टीका झाली ती किमतीवरून, आणि ती रास्त आहे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेल गाडीबद्दल बागवाल्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला तो सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. रोज तीन किलोमीटर, तेही लो गिअरमध्ये, अशी गाडी वापरली तर तो भरतच जातो. त्यावर उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. आठवड्यातून एकदा मुंबई-गोवा महामार्गावर २५-३० मिनिटं, ६०च्या वर, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून. जाळण्याचं चक्र चालू असताना गाडी बंद करू नये. काही इंजिनांत हे चक्र वारंवार अर्धवट राहिलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढते. ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होण्यासारखं काही नाही. आम्ही बीएस-फोर, सेकंड हँड असं ठरवलं त्यामागे पैसा होताच, पण हेही होतं.

ठरवण्याआधी शेवटची चाळणी फोनवर लावली. तालुक्याच्या ठिकाणच्या दोन आणि रत्नागिरीतल्या एका पार्टवाल्याला प्रत्येक मॉडेलसाठी सात वस्तू विचारल्या: क्लच प्लेट, पुढच्या चाकाचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, ब्रेकचा व्हील सिलिंडर, रेडिएटरचा होज, पाट्याचा सेंटर बोल्ट आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचं सील. उत्तरं तीन रकान्यांत लिहिली, ‘आहे’, ‘उद्या’, ‘मागवावं लागेल’. शेवटची वस्तू मुद्दाम घातली होती. पहिल्या सहा टू-व्हील गाडीलाही लागतात म्हणून मिळतात. फोर-व्हीलचा खास पार्ट विचारला की दुकानदार किती वेळ गप्प राहतो त्यावरून बरंच कळतं. एप्रिलमध्ये तयार फळ झाडावर असताना चार दिवस गाडी उभी राहणं परवडत नाही.

सेकंड हँड पाच गाड्या बघितल्या. सोबत बॅटरी, जुना बोथट स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी, लोहचुंबक, छोटा आरसा, अंथरायला पोतं आणि जॅक. मालकाला आधीच सांगितलं की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. तरी पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवण्याचं. गरम लागलं तर चहा पिऊन यायचं नाही, दुसऱ्या दिवशी यायचं. थंड डिझेल इंजिन कसं उठतं, किती वेळ पांढरा धूर सोडतं, टर्बो निळा धूर देतो का, हे एकदाच बघायला मिळतं.

पण इंजिनच्याही आधी चासी, कारण इंजिन बांधून मिळतं. कोकणातल्या गंजाची रीत वेगळी आहे. खारा वारा असतोच, त्यात तांबडी माती चासीच्या पोकळ पेटीत जाऊन बसते आणि महिनोन् महिने ओल धरून ठेवते. त्यामुळे पेटी आतून बाहेर गंजते. वरून रंग शाबूत, आत पापुद्रे. ते डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतं. हातोडीने हलके ठोके देत पुढून मागे जायचं. चांगला पत्रा ‘टण’ वाजतो. गंजलेला ‘भद्द’ वाजतो, ओल्या फळीसारखा. मागच्या पाट्याच्या पुढच्या टोकाचा हँगर, केबिन आणि हौदा यांच्यामधली फट, मागच्या चाकांमागचा भाग, डिझेल टाकीचे पट्टे, केबिनच्या रबरी गाद्यांभोवतीचा पत्रा, एक्सलवरून जाणारी ब्रेकची नळी, ही ठिकाणं सोडायची नाहीत. ‘भद्द’ आला तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून मनगटाने दाबायचं. मालकाला आधी विचारावं. आत गेला तर बोलणी संपली.

एका गाडीला खालून नुकतंच काळं रबर कोटिंग मारलेलं होतं. विकणारा ते कौतुकाने दाखवत होता. आमच्या मते विकायच्या आदल्या महिन्यात मारलेलं कोटिंग हा गुण धरू नये. नखाने कोपरा उचलला तर खालून बिस्किटासारखा थर सुटून आला. गंजावर मारलेलं रबर ओल आत कोंडतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट.

दुसरी बाद झालेली गाडी दिसायला पाचांतली सगळ्यात चांगली होती. हौद्यात नवीन लायनर, म्हणजे आतलं अस्तर. लायनरचे चार स्क्रू काढायला परवानगी मागितली. खाली हौद्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत रुपयाएवढी भोकं, कडांना खपल्या, आणि सांध्यात अडकलेले दोन खवले. गाडी मासळीवर चाललेली होती. बर्फाचं पाणी मासळीतून झिरपताना खारट होतं, फाळक्याच्या बाजूने गळतं आणि थेट चासीच्या मागच्या भागावर आणि पाट्यांवर पडतं, रोज. वास धुऊन जातो, मीठ सांध्यांतून जात नाही. किनाऱ्यावरच्या गावातली पिकअप घ्यायची तर ती आधी काय वाहत होती हे किलोमीटरच्या आकड्याआधी विचारावं. चिरे वाहिलेली गाडी पाटे बसलेली मिळते. ते बदलता येतात.

पाट्यांमध्ये तुटलेलं पान, मधेच घातलेलं जादा पान आणि शॅकलचा, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचा, कोन बघितला. जादा पानं घातलेली गाडी ओझं झेलते, पण रिकामी असताना चाक खाचेत उतरत नाही, अधांतरी राहतं आणि पकड जाते. रस्त्यावरचा फायदा बागेतला तोटा. चासी वाकलेली आहे का हे कळायला चाकं सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावला. फरक एका सेंटीमीटरच्या वर गेला तर गाडी कुठेतरी आपटलेली समजावी. दारं आणि मडगार्डवर लोहचुंबक फिरवला की लांबी भरलेली जागा कळते, पण पिकअपला लांबी असणारच, त्यात अडकू नये.

इंजिन चालू केल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवलं. थोडी वाफ ठीक. झाकण नाचायला लागलं किंवा इंजिनच्या ठोक्याबरोबर फुसफुस धूर आला तर रिंगा गेल्या. क्लचसाठी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगात एकदम ॲक्सिलरेटर दाबला. आवाज वाढून वेग वाढला नाही तर प्लेट घसरते आहे.

फोर-व्हील चालू आहे का, हे ‘दांडी टाकली की दिवा लागतो’ एवढ्यावर मानू नये. दिवा स्विचचा असतो, एक्सलचा नव्हे. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एकच चाक जॅकवर उचललं, दांडी टू-व्हीलला, आणि हाताने चाक फिरवलं. ते फिरलं. मग फोर-हाय लावून, गिअर टाकून, इंजिन बंद ठेवून पुन्हा फिरवलं. आता फिरता कामा नये, कारण पुढचा शाफ्ट मागच्याशी जोडला गेला आणि मागची चाकं जमिनीवर अडलेली आहेत. थोडा खुळखुळाट चालतो, पण चाक गरागरा फिरलं तर हब किंवा पुढचा जोड धरत नाही. तिसऱ्या गाडीत नेमकं हेच झालं. दिवा लख्ख लागत होता. ज्या गाडीला पुढच्या हबवर हाताने फिरवायची कुलपं आहेत, त्यात आधी दोन्ही ‘लॉक’वर आहेत का ते बघावं, नाहीतर चांगली गाडी सोडून याल. बटणावर चालणारं फोर-व्हील असेल तर ट्रान्सफर केसवरच्या मोटरचा कनेक्टर सोडवून आत हिरवट बुरशी धरली आहे का तेही बघावं.

याच वेळी खाली झोपून प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळला. क्रॉसच्या कपांभोवती तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस संपून आतल्या सुया गंजल्या आहेत. ती माती नव्हे, बोटाने चोळली की कळतं. मग दोन्ही डिफरन्शियलचे, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरपेट्यांचे, ऑइल भरायचे प्लग उघडून बोट आत घातलं. ऑइल काळपट, पारदर्शक असावं. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलं आहे. बागेतल्या गाडीत ते बहुतेक वेळा सीलमधून कमी आणि ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलमधली हवा ये-जा करायच्या तोंडातून, जास्त येतं. चालून गरम झालेला एक्सल पऱ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या तोंडातून पाणी ओढून घेते. प्लगला चिकटलेली काजळासारखी बारीक धातूची पेस्ट चालते, कपच्या चालत नाहीत.

शेवटच्या दोन गाड्या चढावर नेल्या. हौद्यात २५ किलोची वीस पोती, चढावर टँकरने पाणी. चढाच्या मध्यावर थांबवून फोर-लो पहिल्यात उचलली. थांबल्याशिवाय फोर-लो लागत नाही. दात जुळले नाहीत तर जोर न करता गाडी वीतभर पुढे घेऊन पुन्हा टाकायची. चढाच्या वर चर आहे, तिथे तिरकं गेलं की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं होतं. लॉक नसलेल्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला अडथळा नाही त्यालाच ते सगळं फिरवणं देतं. म्हणून चारही चाकांना ताकद असलेली गाडीसुद्धा दोन चाकं हवेत फिरवत उभी राहते. ॲक्सिलरेटर दाबून काही होत नाही. डाव्या पायाने किंचित ब्रेक धरला की फिरणाऱ्या चाकाला अडथळा मिळतो आणि थोडी ताकद पलीकडे जाते. तेवढ्याने एक गाडी निघाली. दुसरीला चाकाखाली चिरा द्यावा लागला. घेतली ती पहिली, कॅम्पर फोर-व्हील.

कागदांत चासी नंबर आधी शोधला. नंबर गंजून पुसट झाला असेल तर कितीही स्वस्त असली तरी गाडी घेऊ नये. तपासणीच्या वेळी त्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने ठसा घेतात, तो उमटलाच नाही तर पुढे सगळं अडतं. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालवाहू नोंदणीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस लागतं. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. लिफ्ट किट, मोठी चाकं, पुढचे लोखंडी गार्ड यांच्या वाटेला गेलो नाही. गार्डवर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने कारवाई करायला सांगितलं आहे, आणि मूळ रचनेत बदल असेल तर विम्याचा दावा अडतो.

गाडी आल्यावर पहिला खर्च टायरचा. रस्त्याच्या टायरच्या बारीक खाचा तांबड्या मातीने दहा फुटांत भरतात आणि पुढे टायर गुळगुळीत लाटण्यासारखा चालतो. ऑल-टेरेन, एलटी मापाचे, म्हणजे जाड बाजूंचे टायर घातले. हवा ओझ्यासह रस्त्यावर दारावरच्या पट्टीप्रमाणे, रिकाम्या गाडीने चिखलात २२ ते २४ पीएसआय. मऊ वाळूत त्याहून कमी लागते, पण किनाऱ्यावर गाडी घालूच नये असं आमचं मत. बहुतेक ठिकाणी मनाई असते ती योग्यच आहे. डांबरीवर परतताना हवा पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवरचा कॉम्प्रेसर हौद्यातल्या पेटीत. सड्यावरच्या शेवाळलेल्या कातळाला मात्र कुठलाही टायर धरत नाही. तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला चाकोरीपुरतं शेवाळ फावड्याने खरवडून जांभ्याची भुकटी टाकतो.

फोर-हाय काँक्रीटच्या तुकड्यावर, विशेषतः त्या काटकोनात, लावून ठेवायचं नाही, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, माती ती तफावत घसरून सोडून देते, काँक्रीट देत नाही. शाफ्ट पिळून बसतात, दांडी परत टू-व्हीलला येत नाही. मग दांडीवर जोर न लावता गाडी दोन-चार मीटर सरळ मागे घ्यायची.

दोन्ही एक्सलच्या ब्रीदरना रबरी नळी जोडून ती केबिनच्या मागे उंच नेली. अडकलेली गाडी ओढायला पट्टा आणि दोन डी-शॅकल, म्हणजे जाड लोखंडी कड्या, घेतले. पट्टा बांधायचा तो चासीच्या हुकालाच, बंपरला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला कधीच नाही. गोळा तुटून सुटला तर गोळीसारखा येतो. पऱ्यात उतरण्याआधी एक जण काठी घेऊन पलीकडे जातो. पाणी हबच्या वर असेल तर थांबतो. पाऊस थांबल्यावर पऱ्या तासा-दोन तासांत उतरतो.

गंजाचं काम मेमध्ये, चासी खडखडीत वाळलेली असताना. वायर ब्रशने घासणं, प्रायमर, रंग, आणि पोकळ पेटीत लांब नळीने मेणाचा फवारा. रबर नाही. पावसानंतरचं काम ऑक्टोबरमधलं. चासीच्या पेटीला खालून पाणी निघायला भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजलेली असतात. जाड तार वाकवून एकेक भोक मोकळं करायचं. आधी मूठभर चिकट माती पडते, मग बराच वेळ गढूळ पाण्याची धार लागते. ती थांबली की विहिरीच्या पाण्याचा पाइप पुढच्या टोकाने पेटीत घालायचा आणि मागच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवायचा. आमच्या गाडीला दर वेळी अर्धा तास लागतो, डाव्या बाजूला जास्त.